पास एकाचा, प्रवास दुसऱ्याचा

विमानतळावर शिरल्यापासून आसनावर बसेपर्यंत बोर्डिंग पासवर तीन-चार वेळा तरी कोणाची ना कोणाची नजर पडते. तरीही भलताच माणूस विमानात बसल्याच्या बातम्या येत राहतात, आणि त्यांवरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: सगळे झोपले होते का? झोपलेलं बहुतेक वेळा कोणी नसतं. प्रत्येक टप्प्यावरचा कर्मचारी त्याला नेमून दिलेली एक जोडी जुळवून बघतो आणि माणसाला पुढे सोडतो. या जोड्या वेगवेगळ्या असतात. त्या सगळ्या एकमेकींना बांधायचं काम मात्र कोणाकडेच नसतं.

जुळवायच्या गोष्टी चार: समोरचा माणूस, त्याच्या हातातलं ओळखपत्र, बोर्डिंग पास आणि विमान कंपनीच्या संगणकातली त्या फ्लाइटची नोंद. चारही एकाच वेळी, एकाच ठिकाणी जुळल्या तरच ओळख पटली म्हणायची. प्रत्यक्षात काय होतं ते टप्प्याटप्प्याने बघू.

कोण काय जुळवतं

चेक-इन काउंटरवर चारही गोष्टी एकत्र येऊ शकतात. कर्मचारी पासपोर्ट हातात घेतो, चेहरा बघतो, नोंद उघडतो आणि पास छापून देतो. ऑनलाइन चेक-इन आल्यापासून हा टप्पा अनेकांच्या प्रवासातून गळून गेला. आडनाव आणि सहा अक्षरी पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, टाकला की पास फोनवर येतो. तो कोणी टाकला हे यंत्राला ठाऊक नसतं. सामान द्यायचं नसेल तर गेटपर्यंत विमान कंपनीच्या माणसाशी गाठच पडत नाही.

सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी काय बघतात हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत टीएसएचा, म्हणजे तिथल्या सरकारी विमानतळ सुरक्षा यंत्रणेचा, कर्मचारी ओळखपत्र तपासतो, पण पुढे देशांतर्गत फ्लाइटच्या गेटवर सहसा फक्त पास स्कॅन होतो. युरोपात शेंगेन देशांमधल्या (म्हणजे आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांमधल्या) प्रवासात अनेक ठिकाणी सुरक्षेच्या दारात केवळ बारकोड वाचणारं फाटक असतं, आणि ओळखपत्र बघायचं की नाही हे बऱ्याचदा गेटवर विमान कंपनी ठरवते. पहिल्या पद्धतीत ओळख पटवून आत आलेला माणूस आणि त्या पासवर विमानात चढलेला माणूस एकच आहे का, हे तपासलं जात नाही. दुसऱ्या पद्धतीत आत फिरणारा माणूस कोण, हेच गेटपर्यंत कोणी विचारलेलं नसतं.

इमिग्रेशनवर माणूस आणि पासपोर्ट ही जोडी सगळ्यात कसून तपासली जाते. पण त्या अधिकाऱ्याचा प्रश्न ‘या माणसाला देश सोडता येईल का’ हा असतो. तो पुढे कोणत्या विमानात बसतो, याकडे लक्ष असलंच तर ओझरतं. गेटवर पास आणि संगणकातली नोंद यंत्र जुळवतं. आंतरराष्ट्रीय फ्लाइट असेल तर पासपोर्टावरचं नाव, फोटो आणि पास कर्मचारी डोळ्यांनी जुळवतो, तेही पंधरा-वीस मिनिटांत दीड-दोनशे माणसं आत घ्यायची असताना. विमानाच्या दारात केबिन क्रू पासवरची तारीख आणि फ्लाइट नंबर बघतात, ‘उजवीकडे, मागे’ म्हणतात, आणि संपलं. पास खरा की खोटा हे ओळखायला त्यांच्याकडे काहीच साधन नसतं.

बारकोडात काय असतं आणि काय नसतं

कागदी पासवरचा लांबट बारकोड पीडीएफ४१७ प्रकारचा असतो. नाव विचित्र वाटतं, पण त्याचा अर्थ सरळ आहे: प्रत्येक चिन्हात ४ पट्टे आणि ४ मोकळ्या जागा, एकूण रुंदी १७ एकक. फोनवर अ‍ॅझ्टेक, क्यूआर किंवा डेटामॅट्रिक्स यांपैकी एक चौकोनी कोड येतो. आतला मजकूर आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या ठरावीक साच्यातला असतो, आणि त्याचा सक्तीचा भाग एकाच फ्लाइटचा प्रवास असेल तर फक्त ६० अक्षरांचा. सुरुवातीला साच्याची खूण म्हणून ‘एम’, मग किती टप्प्यांचा प्रवास तो आकडा, नावासाठी २० जागा, ई-तिकिटाची खूण, पीएनआरसाठी ७ जागा, कुठून आणि कुठे यांची तीन-तीन अक्षरं, विमान कंपनीचा कोड, फ्लाइट नंबर, तारीख, क्लास, सीट, चेक-इनचा सिक्वेन्स नंबर, प्रवाशाची स्थिती, आणि शेवटी पुढचा ऐच्छिक मजकूर किती मोठा आहे ते.

यातली तारीख नीट बघण्यासारखी आहे. ती वर्षातला कितवा दिवस या स्वरूपात असते, म्हणजे १ फेब्रुवारी म्हणजे ०३२. वर्ष कुठेच नाही. ऐच्छिक भागात पास कधी दिला त्याची तारीख टाकता येते, आणि तिथेही वर्षाचा फक्त शेवटचा अंक मावतो. विमान कंपनीच्या संगणकाशी जोडलेल्या स्कॅनरला याने फरक पडत नाही, कारण त्याच्याकडे आजची यादी असते. पण एखादं फाटक संगणकाला न विचारता नुसता बारकोड वाचून उघडत असेल, तर त्याच्या लेखी गेल्या वर्षीचा त्याच दिवसाचा पासही आजचाच ठरू शकतो.

नावाच्या २० जागांत आडनाव, तिरकी रेघ आणि मग नाव बसवायचं. देशपांडे आडनावाची इंग्रजीत ९ अक्षरं आणि एक रेघ, म्हणजे नावाला उरल्या १० जागा. चंद्रशेखर हे नाव त्यात मावत नाही, तुटतं. काही कंपन्या मिस्टर-मिसेसची अक्षरंही नावालाच चिकटवून टाकतात. असं तुटलेलं किंवा शेपूट लागलेलं नाव ही चूक नव्हे, आणि त्यासाठी काउंटरवर हुज्जत घालायची गरज नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टाशी जुळतंय ना एवढं बघा. तिथेच अक्षर चुकलं असेल तर ते चेक-इनच्या आधी दुरुस्त करून घ्यायचं, गेटवर नाही. गेटवरच्या माणसाला तिकीट बदलण्याचे अधिकार बहुधा नसतात, आणि असले तरी तेव्हा वेळ नसतो.

आता या बारकोडात काय नाही ते. फोटो नाही. सक्तीच्या भागात जन्मतारीख नाही, पासपोर्ट क्रमांक नाही. म्हणजे पास स्वतःहून एवढंच सांगतो की अमुक नावाच्या प्रवाशाला अमुक फ्लाइटवर चेक-इन केलेलं आहे. तो कोणाच्या हातात आहे, याबद्दल पासाला काही म्हणायचं नसतं.

घरी छापलेल्या पासाची ही कमजोरी सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००३ मध्येच लिहून ठेवली होती: सुरक्षेच्या दारात ओळखपत्रासोबत एक कागद दाखवायचा, गेटवर दुसराच. पहिल्या ठिकाणी संगणक नाही, दुसऱ्या ठिकाणी ओळखपत्र नाही, त्यामुळे दोन्हीकडे सगळं जुळतं. २००६ मध्ये क्रिस्टोफर सोघोयन या पीएचडीच्या विद्यार्थ्याने नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा खोटा पास बनवून देणारं पानच इंटरनेटवर टाकलं. एफबीआयने त्याच्या घराची झडती घेतली. पुढे त्याच्यावर खटला झाला नाही. भोक मात्र लगेच बुजलं नाही. ते आता कुठे बुजतंय, कारण टीएसएची नवी यंत्रं ओळखपत्र वाचून त्या प्रवाशाची नोंद थेट मध्यवर्ती यादीत शोधतात. पास बघण्याची गरजच राहत नाही, त्यामुळे खोट्या पासाचा उपयोगही राहत नाही. माझ्या मते हा उपाय सगळ्यात प्रामाणिक आहे: जो कागद कोणीही छापू शकतो, त्यावर विश्वास ठेवायचाच नाही.

दुसरा उपाय म्हणजे बारकोडाच्या शेवटी डिजिटल सही. ती तपासली की पास खरोखर विमान कंपनीने दिला आणि नंतर त्यात फेरफार झाला नाही हे कळतं. पण साच्यात ही सही ऐच्छिक आहे, त्यामुळे ती सगळीकडे नसते, आणि असली तरी प्रत्येक वाचक यंत्र ती तपासतंच असं नाही. २०१६ मध्ये पोलंडच्या प्शेमेक यारोशेव्हस्की यांनी लास व्हेगासच्या डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत दाखवलं की स्वतः तयार केलेला क्यूआर कोड विमान कंपन्यांच्या लाउंजची दारं उघडू शकतो. ती दारं कोडातला मजकूर वाचत होती आणि संगणकाला काही विचारत नव्हती, एवढंच कारण.

साध्या गोंधळांची कारणं

कट-कारस्थानांपेक्षा निव्वळ गोंधळ कितीतरी जास्त होतात, आणि त्यांची कारणं तीच तीच असतात.

एकाच फ्लाइटवर एकाच नावाचे दोन प्रवासी. काउंटरवरचा कर्मचारी नावाने शोधतो, यादीत वर आलेल्याला चेक-इन करतो आणि पास देतो. दुसरा आला की यंत्र म्हणतं, यांचं तर झालंय. अशा वेळी नावाला चिकटून बसण्यात अर्थ नसतो. पीएनआर, जन्मतारीख किंवा १३ अंकी ई-तिकीट क्रमांक यांवरूनच माणूस वेगळा काढता येतो. या क्रमांकाचे पहिले ३ अंक विमान कंपनीचे असतात. तुमचं नाव फार प्रचलित असेल तर काउंटरवर नाव सांगण्याऐवजी पीएनआर पुढे करा.

कुटुंबाचे पास. एका पीएनआरवर पाच जण, पाचही पास एकाच फोनमध्ये, आणि गेटवर घाईत कोणी तरी बोट फिरवत एकामागून एक दाखवतं. एखादा पास दोनदा येतो, एखादा राहून जातो. यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक वैध पास म्हणजे एक माणूस. कोणता माणूस हे ते विचारत नाही. पाचही जण चढणार असतील तर फारसं बिघडत नाही. पण ऐनवेळी एक जण मागे राहिला आणि पास त्याचाच स्कॅन झालेला असला, तर नोंदीत भलताच माणूस गैरहजर दिसतो. तिथून पुढे सामान, परतीचं तिकीट, जेवणाची नोंद असं सगळंच एकेक करत विस्कटतं. शक्य असेल तिथे ज्याचा पास त्याच्या हातात द्यावा, लहान मुलांचा अपवाद.

कियॉस्कच्या, म्हणजे स्वतः पास छापून घ्यायच्या यंत्राच्या, खाचेत आधीच्या माणसाचा पास राहून गेलेला असतो आणि पुढचा तोच उचलून चालू लागतो. हे इतकं साधं आहे की त्यावर वेगळं काही लिहायला नको: छापलेला पास हातात आल्यावर नाव वाचा.

एकच सीट दोघांना. ही दिसायला मोठी भानगड, पण तिचं कारण बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. विमान ऐनवेळी बदललं आणि सीटची मांडणी वेगळी निघाली, किंवा सीट बदलल्यावर नवा पास मिळाला आणि प्रवासी जुनाच घेऊन आला. म्हणून दोघं एकाच सीटपाशी उभे राहिले तर सीट नंबरावर वाद घालण्याआधी दोन्ही पासांवरचा फ्लाइट नंबर आणि तारीख बघायची. ते जुळलं तर नाव आणि सिक्वेन्स नंबर. सिक्वेन्स नंबर म्हणजे त्या फ्लाइटवर तुम्ही चेक-इन केलेले कितवे प्रवासी. एका फ्लाइटवर तो सहसा दोघांना मिळत नाही, त्यामुळे गेटवरची हिशेबजुळणीही त्यावरच होते. दोघांचं नावही एकच असेल आणि सिक्वेन्स नंबरही एकच, तर मात्र ती सीटची अडचण नाही. एकाच पासाच्या दोन प्रती चढल्या आहेत, आणि क्रूने दार बंद व्हायच्या आत गेटला कळवायला हवं.

चुकीच्या विमानात बसणं. गेटवरचं यंत्र दुसऱ्या फ्लाइटचा पास सहसा नाकारतं. म्हणून हा प्रकार बहुतेक वेळा यंत्राच्या पुढे घडतो: एकाच मार्गिकेतून दोन विमानांकडे फाटे फुटतात, बस भलत्या विमानाशी थांबते, किंवा टर्मिनलबाहेरच्या मोकळ्या जागेत दोन विमानं शेजारी उभी असतात आणि लोक पुढच्याच्या मागे चालत राहतात. चालत जाऊन चढायचं असेल तर शिडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला शहराचं नाव घेऊन विचारा. फ्लाइट नंबराला लोक सवयीने ‘हो’ म्हणून जातात, गावाचं नाव चुकलं की कान टवकारतात. कोडशेअर फ्लाइटमध्ये, म्हणजे एकाच विमानाची तिकिटं दोन-तीन कंपन्या विकतात तेव्हा, तर एकाच विमानाला दोन-तीन नंबर असतात आणि गेटच्या फलकावर कधी एक, कधी दुसरा दिसतो. तुमच्या पासवर ‘ऑपरेटेड बाय’ पुढे जी कंपनी असेल, तिचा नंबर शोधायचा.

मध्यरात्रीनंतरच्या फ्लाइटचा घोळ जुनाच आहे. ५ तारखेला रात्री ००:२० ची फ्लाइट म्हणजे ४ तारखेच्या रात्री विमानतळावर असायला हवं. ५ तारखेच्या रात्री पोचलेल्या माणसाचा पास यंत्र नाकारतं, आणि तेव्हा यंत्राचं बरोबर असतं.

संगणकच बंद पडला तर सगळं कागदावर येतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरची विंडोज यंत्रं कोलमडली, तेव्हा काही विमानतळांवर पास हाताने लिहून दिले गेले. अशा दिवशी छापील यादी आणि त्यावर मारलेल्या खुणा एवढाच आधार उरतो. ओळखपत्र बघण्याची खरी गरज त्याच दिवशी सर्वांत जास्त असते, आणि रांगाही त्याच दिवशी सर्वांत लांब असतात.

लाल दिवा लागतो, पण

आता मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बऱ्याच प्रकरणांत यंत्राने खूण दिलेली असते, आणि माणूस ती यंत्राची चूक समजून बाजूला सारतो.

मार्च २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीहून ऑस्टिनला जाणाऱ्या डेल्टाच्या विमानात एक जण दुसऱ्या प्रवाशाच्या पासाचा चोरून काढलेला फोटो दाखवून चढला. खरी प्रवासी गेटवर आली तेव्हा तिचा पास आधीच वापरला गेल्याचं यंत्राने दाखवलं. कर्मचाऱ्यांना ती तांत्रिक चूक वाटली आणि त्यांनी तिला आत सोडलं. तो माणूस उघडा पडला तो विमान भरलेलं होतं म्हणून: स्वच्छतागृहातून बाहेर आल्यावर बसायला जागाच नव्हती. विमान अर्धं रिकामं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर २०११ मध्ये मिळालेलं आहे. त्या वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघालेल्या व्हर्जिन अमेरिकाच्या विमानात एक जण दुसऱ्याच्या नावाचा, आदल्या दिवसाचा पास घेऊन चढला होता. नाव वेगळं, तारीख वेगळी, तरी सुरक्षा आणि गेट दोन्ही पार. ते लक्षात आलं विमान हवेत गेल्यावर.

‘आधीच चढलेला आहे’ हा संदेश खोटा का वाटतो, तेही समजून घ्यायला हवं. एकाच प्रवाशाचा पास दोनदा स्कॅन होणं रोजचं आहे. फोनचा पडदा नीट वाचला गेला नाही म्हणून पुन्हा धरला, किंवा प्रवासी पुढे जाऊन काही विसरलं म्हणून मागे आला, की हाच संदेश येतो. शंभरातल्या बहुतेक खुणा निरर्थक असल्या की उरलेलीही निरर्थक वाटू लागते. आणि मोबाइल पासाचा स्क्रीनशॉट म्हणजे हुबेहूब प्रत. दहा फोनमध्ये असला तरी जो पहिला स्कॅन होईल तो खरा.

यावर पद्धत एकच, आणि ती अवघड नाही. संदेश आला की प्रवाशाला बाजूला घ्यायचं आणि नोंद उघडून पहिला स्कॅन किती वाजता झाला ते बघायचं. तो काही सेकंदांपूर्वीचा असेल आणि प्रवासी हालला नसेल तर तोच स्कॅन आहे. काही मिनिटांपूर्वीचा असेल तर एका सहकाऱ्याला त्या सीटपाशी पाठवून तिथे बसलेल्याचं ओळखपत्र बघायचं. तो निकाल येईपर्यंत दुसऱ्याला आत सोडायचं नाही. प्रवासी म्हणून हा संदेश तुमच्या वाट्याला आला तर ‘असू द्या, जा’ म्हणून सोडलं तरी थांबा आणि तुमच्या सीटवर कोणी आहे का हे बघायला लावा. त्यात तुमचाच फायदा आहे, कारण तुमच्या नावावर आत कोण बसलंय हे नंतर सिद्ध करणं फार कटकटीचं.

डोकी मोजण्यावरही लोकांचा फार भरवसा असतो. हेडकाउंट एक माणूस जास्त झाला तर पकडतो, हे खरं. पण दोघांनी पास अदलाबदल केले तर संख्या तीच राहते. एक जण आलाच नाही आणि त्याच्या पासवर दुसरा चढला, तरी तीच. शिवाय मोजणी चुकते: मांडीवरची बाळं, स्वच्छतागृहात गेलेले, जागा बदलणारे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोपनहेगनहून लॉस एंजेलिसला आलेल्या एसएएस (स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स) कंपनीच्या विमानात तिकीट आणि पासपोर्ट नसलेला एक प्रवासी निघाला. सुरक्षेच्या फाटकातून तो दुसऱ्या प्रवाशाच्या पाठोपाठ घुसला होता. विमानात तो जागा बदलत राहिला, क्रूशी बोलला, जेवलाही. तो यादीत नाही हे उघड झालं ते उतरल्यावर, अमेरिकी सीमाधिकाऱ्यांना त्याची नोंद सापडेना तेव्हा. पुढच्याच वर्षी २६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेल्या डेल्टाच्या विमानात एक महिला बोर्डिंग पासाशिवाय चढली. गेटवरचे कर्मचारी इतरांना आत घेण्यात गुंतले असताना ती गर्दीतून पुढे सरकली.

ट्रान्झिट आणि चेहरा

सुरक्षा आणि इमिग्रेशन पार केल्यावर सगळे प्रवासी एकाच प्रतीक्षागृहात येतात, ही पास-अदलाबदलीची खरी जागा. इमिग्रेशनवर माणूस आणि पासपोर्ट जुळले होते. त्यानंतर हातातला पास बदलला, तर गेटवर पासपोर्ट नीट बघण्याखेरीज ते पकडायला दुसरं काही नसतं. ब्रिटनमध्ये जिथे देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवासी एकाच दालनात मिसळतात, तिथे यावर उपाय शोधावा लागला. हीथ्रोच्या टर्मिनल ५ वर २००८ मध्ये बोटांचे ठसे घ्यायचं ठरलं होतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा आक्षेप आला, आणि त्याऐवजी दालनात शिरताना फोटो काढून तो गेटवर जुळवण्याची पद्धत आली. घेतला तो माणूस आणि सोडला तो माणूस एकच, एवढंच ती बघते, आणि तेवढंच पुरेसं आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये हाँगकाँगहून व्हँकूव्हरला जाणाऱ्या एअर कॅनडाच्या विमानात एक तरुण वयस्कर गोऱ्या माणसाचा मुखवटा चढवून बसला. कॅनडाच्या अधिकाऱ्यांचा अंदाज असा की त्याने एका अमेरिकी प्रवाशाशी पास बदलून घेतला आणि ओळखीसाठी विमान कंपनीचं पॉइंट्सचं कार्ड दाखवलं. मुखवट्याचीच चर्चा जास्त झाली. मला त्यातला खटकणारा भाग दुसरा वाटतो: फोटो नसलेलं कार्ड आंतरराष्ट्रीय फ्लाइटच्या गेटवर चाललं कसं?

अर्थात पासपोर्ट बघितला म्हणजे चेहरा जुळवला असं होत नाही. अनोळखी चेहरा फोटोशी जुळवण्यात माणूस आपल्याला वाटतो त्यापेक्षा कच्चा असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियातले पासपोर्ट अधिकारी समोर उभ्या माणसाशी फोटो जुळवत होते. फोटो दुसऱ्याचा असताना त्यांनी सुमारे १४ टक्के वेळा तो त्याचाच मानला. नोकरीत किती वर्षं काढली, याने काही फरक पडला नाही. हे काम करणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला म्हणून असा असतो: केस, दाढी, चष्मा, वजन सोडा, कान, नाकाचा आकार, डोळ्यांमधलं अंतर, तीळ-व्रण बघा, आणि आधी पासपोर्ट न वाचता चेहरा बघा.

पासपोर्ट खरा आणि चेहराही बऱ्यापैकी जुळतो, पण पासपोर्ट चोरीचा, हा आणखी एक प्रकार. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या एमएच३७० विमानात दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर होते, एक ऑस्ट्रियाचा, एक इटलीचा. दोन्हींची नोंद इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या कागदपत्रांच्या यादीत होती. ती यादी २००२ पासून आहे. निघताना कोणी ती बघितली नव्हती. विमान बेपत्ता होण्याशी त्या दोघांचा संबंध असल्याचं दिसलं नाही, पण तपासाचे पहिले दिवस त्यांच्यामागे गेले.

चेहऱ्यावरून बोर्डिंग करणारी यंत्रं नीट वापरली तर ही अदलाबदल जवळजवळ अशक्य करतात, कारण तिथे चेहराच थेट नोंदीशी जोडला जातो, मधला पास उरतच नाही. त्या फ्लाइटच्या काही शे प्रवाशांच्या फोटोंतच शोधायचं असतं, त्यामुळे जुळणीही सोपी. कच्चा दुवा तिथेही आहे: ज्याचा चेहरा यंत्राला पटत नाही तो शेजारच्या रांगेत, माणसाकडे जातो, आणि ती रांग पूर्वीसारखीच चालते. फोटो किती दिवस साठवतात हा प्रश्नही रास्त आहे. नकार देऊन पासपोर्ट दाखवायचा पर्याय जिथे असतो, तिथे तो मागायला संकोच करू नये.

सामानाचं काय

पासाचा गोंधळ ही फक्त सीटची कटकट असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं विमान अटलांटिकवर स्फोटात कोसळलं, ३२९ जण गेले. बॉम्ब असलेली बॅग व्हँकूव्हरला चेक-इन झाली होती; ती देणारा प्रवासी स्वतः विमानात चढलाच नाही. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पडलेल्या पॅन अ‍ॅमच्या विमानातही बॅग मालकाविना गेली होती. आंतरराष्ट्रीय फ्लाइटवर प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवायची, किंवा तिची वेगळी सुरक्षा तपासणी झालेली हवी, हा आजचा नियम या घटनांतून पक्का झाला.

आता हा नियम कशावर चालतो बघा. बॅग टॅगवर दहा अंकी क्रमांक असतो, तो प्रवाशाच्या नोंदीला जोडलेला असतो, आणि गेटवर पास स्कॅन झाला की नोंदीत ‘चढला’ अशी खूण पडते. खूण पडली की बॅग राहते. तुमच्या पासवर दुसरा कोणी चढला तरी संगणकाच्या दृष्टीने तुम्हीच चढलात. म्हणून चुकीचा माणूस चढल्याचं कळल्यावर नुसतं त्याला उतरवून भागत नाही. त्याच्या नावाच्या आणि ज्याचा पास वापरला त्याच्या, दोन्ही नोंदींवरच्या बॅगा शोधाव्या लागतात, केबिनमधली त्याची जागा आणि वरचं कपाट तपासावं लागतं, प्रवासीसंख्या बदलली तर लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेबही दुरुस्त करावा लागतो. एका माणसापायी विमान तासभर थांबतं ते यामुळे. काउंटरवर बॅग दिल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीवर स्वतःचंच नाव आणि मुक्कामाचं ठिकाण आहे ना, हे तिथल्या तिथे वाचा.

पास जपणं

मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी आपल्या बोर्डिंग पासाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावरच्या पीएनआर आणि आडनावावरून एकाने विमान कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवेश केला, आणि त्या पानाच्या आतल्या कोडात पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर उघडे सापडले. त्याने ते सरकारला आणि कंपनीला कळवलं, म्हणून निभावलं. पीएनआर हा पासवर्डासारखा वापरला जातो, पण तो पासवर, काही वेळा बॅगच्या चिठ्ठीवरही छापलेला असतो. तो बदलता येत नाही. फोटोत पीएनआर झाकला तरी बारकोड दिसत असेल तर उपयोग नाही, कारण तोच मजकूर बारकोडात आहे आणि तो कुठल्याही फुकट अ‍ॅपने वाचता येतो. अनेक कंपन्यांचा फ्रीक्वेंट फ्लायर क्रमांकही (ज्यावर प्रवासाचे पॉइंट्स जमा होतात तो) त्याच बारकोडाच्या ऐच्छिक भागात असतो.

रांगेत फोन उजेडात धरून उभं राहू नका. पास यंत्रासमोर आल्यावर उघडा. कागदी पास सीटच्या खिशात सोडून उतरू नका, परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर मुळीच नाही. कोणी तरी ते रद्द केलं किंवा सीट हलवली तरी नोंदीत ते तुम्हीच केल्यासारखं दिसेल. कागद मात्र लगेच फाडायचा नाही. पॉइंट्स जमा होईपर्यंत आणि सामानाची किंवा उशिराची काही तक्रार असेल तर ती निकाली निघेपर्यंत ठेवावा, कारण तुम्ही प्रत्यक्ष प्रवास केल्याचा पुरावा म्हणून कंपन्या तोच मागतात. मग बारकोडातून आडवा कापून टाका.